घारापुरीला लाँचनं जाताय? आधी जाकिटाचं बकल बघा

दिवाळीची सुट्टी लागली की सातारा-सांगलीकडची बरीच घरं मुंबई गाठतात. कुणाचा भाऊ माथाडीत, कुणाची बहीण घणसोलीला, कुणाचे मामा लालबागला. राणीची बाग झाली, चौपाटी झाली की पोरं हट्ट धरतात, बोटीत बसायचं. एका दिवसात होणारी अशी फेरी म्हणजे घारापुरी, बाहेरचे लोक एलिफंटा म्हणतात ते बेट.

गेटवे ऑफ इंडियापासून हे बेट पाण्यातून साधारण दहा किलोमीटर. लाँचला तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, हे पक्कं लक्षात ठेवा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलात तर सकाळी सीएसएमटीला उतरता, तिथून गेटवे जवळच आहे. लाँच नऊच्या सुमारास सुरू होतात. जाण्या-येण्याचं तिकीट एकदमच मिळतं, ते परत येईपर्यंत जपून ठेवा. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात.

आता मुद्द्याचं. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर नीलकमल नावाच्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. १५ जण गेले. नीलकमलवर परवानगीपेक्षा जास्त माणसं होती. अनेकांच्या अंगात लाइफ जाकीट नव्हतं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यानंतर गेटवेवरच्या प्रवाशांना जाकीट सक्तीचं झालं.

आपल्याकडं ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, १७ जणांचा जीव गेला. तिथंही क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. त्यामुळं हे मुंबईवाल्यांचं दुखणं म्हणून सोडून देता येत नाही.

गेल्या जानेवारीत आत्याला घेऊन गेलो. आत्या नदीकाठची, म्हणाली, "मला पवाया येतंय, हे कशाला?" कृष्णेत सूर मारणारी आपली पोरंही असंच म्हणतात. पण नदीला काठ जवळ असतो. समुद्रात अचानक पडलं की दम कोंडतो, कपडे भिजून जड होतात, डोक्याला मार बसला तर पोहता येत असूनही उपयोग नाही. जाकीट त्या वेळी तोंड पाण्याच्या वर धरतं. माझ्या हातात आलेल्या जाकिटाचं बकलच तुटलेलं होतं. लाँचवाल्याला म्हटलं, दुसरं द्या. त्यानं दिलं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, एवढंच.

घालताना बकल खट्ट वाजलं पाहिजे. साडी असेल तर पदर आत खोचून वरून घाला. मग खांद्याला धरून जाकीट वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. लहान पोराला मोठ्या माणसाचं जाकीट चालत नाही, ते अंगातून निसटतं. पोराच्या मापाचंच मागा. उकडतंय म्हणून मांडीवर काढून ठेवलेल्या जाकिटाचा फायदा शून्य. लाँच खचाखच भरलेली दिसली तर पुढच्या लाँचला थांबा, पोरं कितीही घाई करोत.

बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे. पुढं शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते, पण भाव आधी ठरवा. पिशवीत खाऊ दिसला की माकडं ओढून नेतात, आमची चिक्की गेली. वर मोठ्या लेण्यात तीन मुखांचा सदाशिव आहे, सुमारे वीस फूट उंच, साधारण सहाव्या शतकातला. १९८७ ला युनेस्कोनं ही लेणी जागतिक वारसा यादीत घेतली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं, तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आदल्या दिवशी बाग बघितली असेल तर पोरांना तो आधीच दाखवता येईल.

बेटावर गावंही आहेत. तिथं वीज २०१८ ला पोचली, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना.

परतीला शेवटच्या लाँचला गर्दी फार होते. तीन-साडेतीनला खाली उतरा, म्हणजे बसायला जागा आणि बकल धड असलेलं जाकीट दोन्ही मिळतं.