ऑपरेशननंतर अंगात ताकद आणणारं इंजेक्शन : स्वस्त आणि महाग यात फरक काय?

मागच्या महिन्यात आमच्या चुलत्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मेडिकलच्या बिलात एका इंजेक्शनची रक्कम डोळ्यात भरली. नाव सुगामाडेक्स. "हे कशाला लागलं?" असं विचारल्यावर भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून इथे देतोय.

पोटाच्या ऑपरेशनला नुसती झोप लागून भागत नाही, स्नायूही सैल लागतात. त्यासाठी रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम असं औषध देतात. त्यात श्वासाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून तेवढा वेळ मशीनवर श्वास देतात. ऑपरेशन संपलं की ताकद परत यायला हवी. थोडी जरी ढिलाई राहिली तर पेशंटला धाप लागते, थुंकी गिळता येत नाही, ऑक्सिजन कमी होतो. यासाठी उताऱ्याचं इंजेक्शन असतं.

जुनं औषध : निओस्टिग्मिन

नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. सैल करणारं औषध त्याची जागा अडवून बसतं. निओस्टिग्मिन दिलं की अ‍ॅसिटिलकोलिन लवकर नष्ट होत नाही, ते साठतं आणि आपली जागा परत मिळवतं.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉससारखी कीटकनाशकं शरीरात हेच करतात. फरक इतकाच, की निओस्टिग्मिन मोजून देतात आणि त्याचा असर काही वेळाने जातो. पण लाळ सुटणं, नाडी मंद होणं हे यातही होतं. म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा अ‍ॅट्रोपिन देतात. फवारणीच्या विषबाधेत देतात तेच अ‍ॅट्रोपिन.

याची अडचण अशी, की स्नायू पूर्ण सैल असताना ते पुरं पडत नाही. थोडी ताकद आपोआप आल्यावरच द्यावं लागतं. असर यायला साधारण 10 मिनिटं, कधी जास्तही लागतात. डोस वाढवून फायदा नाही.

नवं औषध : सुगामाडेक्स

याला युरोपात 2008 साली आणि अमेरिकेत 2015 साली मंजुरी मिळाली. साखरेच्या रेणूंची ही एक पोकळ कडी असते. रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम त्या पोकळीत अडकतं आणि लघवीवाटे बाहेर जातं. ढिलाई जास्त असली तरी योग्य डोसने बहुधा 2-3 मिनिटांत ताकद येते.

पण अ‍ॅट्राक्युरियमवर ते चालत नाही. किडनी फार खराब असेल तर सहसा टाळतात. क्वचित जोराची अ‍ॅलर्जी येते किंवा नाडी मंदावते. संततिनियमनाच्या गोळ्यांचा असरही कमी होऊ शकतो, म्हणून बायांनी पुढचे 7 दिवस दुसरं साधनही वापरायचं असतं. आणि निओस्टिग्मिनपेक्षा ते बरंच महाग पडतं.

मग चांगलं कोणतं?

रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियमची ढिलाई जास्त उरली असेल तर सुगामाडेक्स सरस. ढिलाई अगदी थोडी असेल तर निओस्टिग्मिनवरही काम होतं. पण ढिलाई किती उरली हे नुसत्या नजरेने नक्की कळत नाही. मनगटाजवळच्या नसेला बारीक झटके देऊन अंगठ्याची हालचाल मोजणारं यंत्र असतं. चौथ्या झटक्याचा जोर पहिल्याच्या 90 टक्के तरी आला, की मगच श्वासाची नळी काढणं सुरक्षित मानतात.

ऑपरेशनआधी एवढं सांगा

किडनीचा आजार, दमा, चालू गोळ्या, आधीच्या भुलीत झालेला त्रास, यातलं काहीही लपवू नका. अलीकडे फवारणी केली असेल किंवा विषबाधा झाली असेल तर तेही आवर्जून सांगा. अशा कीटकनाशकांमुळे सक्सामेथोनियम नावाच्या, स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधाचा असर फार लांबू शकतो, आणि त्यावर सुगामाडेक्सचा उतारा चालत नाही. भूलतज्ज्ञ तपासायला येतात ती पाच मिनिटं कामाची असतात. त्या वेळी लाजू नका, विचारा.