दुभाजकावर चाक आदळले; पुढे जायचे का?

नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ४४ पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. या वाटेवर चाक दुभाजकाच्या कडेवर आदळले, तर गाडी सुरक्षित जागी घ्या आणि आधी टायरची बाजू नीट पाहा. तिथे फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. असा टायर दुरुस्त होत नाही. पॅच मारून देतो म्हणणाऱ्याचे अजिबात ऐकू नका, स्टेपनी लावा. चिरेतून धागे दिसत असतील तरी तेच. रबर नुसते वरवर खरचटले असेल तर सहसा धोका नसतो.

टायरची आतली बाजू मात्र उभ्याने दिसत नाही, चाक काढूनच तपासावी लागते. रिमची कड वाकली असेल तर ट्यूबलेस टायरमधली हवा हळूहळू जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, हवा पुन्हा मोजा. फुगा काही दिवसांनीही वर येऊ शकतो. स्टिअरिंग थरथरत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर रिम, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तपासून घ्या.

आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापलेल्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत, वेगात असताना दुखावलेला टायर फुटण्याचा धोका आणखी वाढतो.