लिनक्स नेमकं कुठे अडलं?

लिनक्स सुरू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा, आणि बहुतेक वेळा तो अनाठायी असतो. बूट होणं हे एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांचं काम आहे आणि ते कुठल्या टप्प्यावर अडलं हे पडदा बऱ्याचदा स्वतःच सांगतो. लोणावळ्याहून निघालेली लोकल घोरावाडीला आली नाही, तर आधी विचारायचं की तिने तळेगाव सोडलं का. सोडलं असेल तर कामशेतकडे चौकशी करण्यात अर्थ नाही. नव्या संगणकांत यूईएफआय फर्मवेअर ग्रब या बूटलोडरला उठवतं, ग्रब आपली मांडणी वाचून कर्नल आणि इनिट्रॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम) मेमरीत आणतो, आणि मग रूट विभागाचा शोध सुरू होतो. 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबचा छोटा गाभा जागा झाला आहे, पण त्याला त्याची मॉड्यूल्स सापडत नाहीत. डिस्कवरचे विभाग पुसले किंवा हलवले की हे बऱ्याचदा होतं. नुसतं 'ग्रब' दिसलं तर बहुधा मॉड्यूल्स मिळाली, ग्रब.सीएफजी मिळाली नाही. 'इनिट्रॅमएफएस' दिसलं तर कर्नल चालू झालेला आहे. तिथे ग्रब नव्याने बसवत राहण्यापेक्षा रूटचा यूयूआयडी (विभागाची ओळख) जुळतो का, फाइलसिस्टिमला एफएससीकेची तपासणी-दुरुस्ती हवी आहे का, हे पाहावं.

यावर कुणी म्हणेल, लाइव्ह यूएसबीवरून क्रूट करून, म्हणजे डिस्कवरच्या प्रणालीत शिरून, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवलं की काम होतं, एवढं निदान कशाला? होतं, पण दोष ग्रबमध्ये असेल तरच. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स अडलं. फाइली शाबूत होत्या; सिक्युअर बूट चालू असताना ग्रबच्या आधी शिम नावाचा छोटा लोडर चालतो, आणि नव्या एसबॅट नियमाने जुना शिम नाकारला होता. तोच जुना शिम पुन्हा बसवून काय साधणार? पडद्यावरच्या संदेशात एसबॅटचं नाव स्पष्ट होतं.

दुसरा आक्षेप असा की निदान करताना चुकीचा बदल होऊन नुकसान वाढेल. ही भीती रास्त आहे, विशेषतः लोक थेट ग्रब.सीएफजी खरडतात तेव्हा. ती फाइल अपडेट-ग्रब पुन्हा लिहितो, म्हणून कायमचा बदल /इटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्येच करायचा. पण त्याआधी ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून कर्नलची ओळ बदलता येते. तो बदल त्या एका बूटपुरताच राहतो, डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. तर्क चुकला तर संगणक पुन्हा सुरू करून दुसरा पडताळावा.