तापलं की विखंडन वेगानं होतं का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चुलीवरच्या अनुभवावरून आपण 'हो' म्हणून मोकळे होतो. पण न्यूट्रॉन शोषल्यावर युरेनियम-२३५चं केंद्रक फुटायला लागणारा निमिषार्धाहून छोटा वेळ भट्टीच्या उष्णतेनं बदलत नाही. बदलतं ते पुढच्या विखंडनासाठी उरणाऱ्या न्यूट्रॉनचं गणित. इंधन तापलं की युरेनियम-२३८ची केंद्रकं जास्त थरथरतात, जास्त न्यूट्रॉन गिळतात आणि साखळी मंदावते. हाच डॉप्लर परिणाम. हा लगाम माणसाची वाट पाहत नाही.

पण तो एकटा पुरत नाही. १९८६ साली चेर्नोबिलमध्ये न्यूट्रॉन शोषणाऱ्या पाण्याची वाफ झाली आणि साखळी भडकली. म्हणून कुठल्याही भट्टीबद्दल मी आधी विचारतो: तापल्यावर ती स्वतःला आवरते का?