फाल्गुनात एकदा सोहोळच्या माळावर या

तूर घरात आली, हरभरा निघाला, गहू तेवढा उभा आहे. हाताला थोडी सवड आहे. अशा वेळी एखाद्या सकाळी मुलांना घेऊन कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात चक्कर मारा. कारंज्याच्या गुरुमंदिरात आपण वर्षातून दोनदा येता, पण त्याच तालुक्यातला हा माळ किती जणांनी पाहिला आहे? सन २००० मध्ये सुमारे १८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य जाहीर झाले. वनविभागाची परवानगी घ्या आणि उजाडताच निघा. उन्हे चढली की जनावर सावलीला बसते.

घनदाट जंगलाची अपेक्षा ठेवू नका. हा गवताचा मुलूख आहे. मारवेल, पवन्या, कुसळी आता वाळून पिवळी पडली आहेत, मध्येच पळस पेटल्यासारखा फुललेला. कुसळीचे एक कुसळ मुलांच्या ओल्या तळहातावर ठेवा. ओल लागताच ते पीळ सोडत फिरू लागते. पहिल्या पावसात बी जमिनीत शिरते ते याच युक्तीने. पायाखाली मात्र नजर ठेवा, कारण माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांत ओळखू येत नाहीत.

काळवीट दिसेलच. काळ्या पाठीचा, पिळाच्या शिंगांचा तो नर; बदामी रंगाच्या माद्या आणि कोवळे नर. नर एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालतो. आपण जसा धुरा राखतो तशी ती त्याची हद्द.

आता मुद्द्याचे. काळविटाची मादी साधारण सहा महिने गाभण राहते व बहुधा एकच पाडस देते. पावसाळ्याअखेर माजावर आलेल्या माद्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वितात. पाडसाला ती गवतात लपवते आणि स्वतः दूर चरते. धोका वाटला की पाडस पळत नाही, अंग चोरून पडून राहते. कुत्र्यापासून ते कधी वाचते, पण आगीपासून वाचत नाही. नेमके याच दिवसांत आपण धुरे पेटवतो, तुराट्या-पऱ्हाट्या जाळतो. दुपारच्या वाऱ्याने ठिणगी माळात गेली की संपले.

आपला राग मला ठाऊक आहे. रात्रभर जागल करूनही हरणांनी आणि रोह्यांनी हरभरा खाल्लेला मी बांधावर उभा राहून पाहिला आहे. "साहेब, तुमचे हरीण तुम्ही बांधून ठेवा," असे मला तोंडावर ऐकवणारेही भेटले, आणि त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. नुकसान झाले तर त्याच दिवशी वनविभागाला कळवा, पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नका, सातबारा व फोटो जोडा. मिळणारी भरपाई अपुरी असते, तरी अर्ज सोडू नका. पण माळ जळाला तर हरीण चरायला कुठे जाईल? आपल्याच शेतात.

धुरा जाळण्याने शेताचाही तोटाच आहे. मुळांनी धरलेली माती सुटते आणि मृगाच्या पहिल्या सरीत वाहून जाते. तुराट्या बारीक करून शेणकाल्यासह खड्ड्यात कुजवा. अभयारण्याला शेत लागून असेल तर धुऱ्यालगत आपल्या बाजूने वखराचे दोन-तीन फेर मारून पट्टा मोकळा करा. वनविभागाची जाळरेषा असते, तिचाच हा घरगुती प्रकार. एका बैलजोडीचे सकाळचे काम.

आणि हो, गवतात एकटे पाडस दिसले तर त्याला उचलून घरी आणू नका. आई जवळपास असते, आपण दूर गेलो की ती येते. १९७२ च्या कायद्याने काळवीट संरक्षित आहे, पाळणेही गुन्हा आहे. फिरायला जाताना कुत्रा घरी बांधा, बिडी-काडी खिशाबाहेर ठेवा, पाणी सोबत घ्या.