ज्याला चढत नाही त्याची काळजी

‘खाण तशी माती’ ही म्हण माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतेच. बहुधा ती आई असते. नवरा दारूत गेलेला, मुलगा नुकता कॉलेजात जायला लागलेला, आणि एखाद्या रात्री तो मित्रांकडून जरा उशिरा घरी आलेला. दुसऱ्या दिवशी माऊली त्याला घेऊन हजर. मुलगा मान खाली घालून बसतो आणि आई विचारते, “डॉक्टर, बापाचं रक्त आहे, याचंही तसंच होणार का?” मानसोपचाराच्या व्यवसायात इतकी वर्षं काढल्यावर या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर देण्याची सवय मी सोडली आहे. आज जरा सविस्तर सांगतो.

दारूचं व्यसन घराण्यात चालतं हे कळायला संशोधनाची गरज नाही. गावातल्या कुणालाही विचारा. अडचण अशी की बाप मुलाला नुसतं रक्त देत नाही, घरही देतो. भांडणं, कोनाड्यातली बाटली, संध्याकाळ झाली की बदलणारा आवाज, हे सगळं त्या घरात असतं. मग मुलगा प्यायला लागला तो रक्तामुळे की घरामुळे? हे वेगळं करायचं तर मुलाला जन्मतःच दुसऱ्या घरी वाढवायला हवं. असा प्रयोग कुणी मुद्दाम करणार नाही, पण दत्तकविधानाने तो आपोआप होऊन जातो.

डोनाल्ड गुडविन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डेन्मार्क निवडण्याचं कारण, तिथली सरकारी दप्तरं. कोण कुणाचं मूल, कोण कुणाकडे दत्तक गेलं, कोण दारूसाठी रुग्णालयात दाखल झालं, सगळ्याची नोंद. (आपल्याकडे जन्मतारीख नक्की करायची तर मारामार!) ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूच्या व्यसनासाठी रुग्णालयात ठेवावं लागलं होतं, असे ५५ तरुण त्याने घेतले. तान्हेपणीच ते परक्या घरी दत्तक गेले होते. तुलनेसाठी असा इतिहास नसलेले ७८ दत्तक तरुण घेतले. पहिल्या गटात १८ टक्के व्यसनी निघाले, दुसऱ्यात ५ टक्के. म्हणजे बापाचं तोंडही न पाहिलेल्या मुलाच्या वाट्याला जवळजवळ चौपट धोका आला होता. पुढे जुळ्या भावंडांचे पुष्कळ अभ्यास झाले. त्यांचा एकत्र हिशेब केला की असं दिसतं की व्यसनाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांमुळे असतो.

पण त्या १८ टक्क्यांची दुसरी बाजू वाचायला लोक विसरतात. ५५ पैकी ४५ जण व्यसनी झाले नाहीत.

आता, रक्तातून नेमकं येतं तरी काय? दारूची ओढ येते अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरं म्हणजे सर्वांत नीट समजलेली गोष्ट मेंदूत नाही, यकृतात आहे. पोटात गेलेल्या मद्यार्काचं यकृत आधी अॅसिटाल्डिहाइड करतं. हे भलतंच त्रासदायक रसायन. मग दुसरं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करून टाकतं. चीन, जपान, कोरिया या भागांतल्या पुष्कळ लोकांमध्ये, तिघांत एकाहून अधिक, या दुसऱ्या विकराचं जनुक जन्मतः बदललेलं असतं. विकर लंगडं पडतं, अॅसिटाल्डिहाइड साचतं, आणि अर्ध्या पेल्यातच चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. असा माणूस सहसा दारूच्या नादी लागत नाही. त्याचं शरीरच त्याला मोडता घालतं.

हाच मोडता गोळीनेही घालता येतो. १९४८ च्या सुमाराला कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघं जंतांवरचं म्हणून एक औषध तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, नंतर थोडी दारू घेतली, आणि दोघांचेही हाल झाले. तेच डायसल्फिराम. ते त्या दुसऱ्या विकराला बंद पाडतं. इथे एक सांगायलाच हवं. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आपण पाहतो. काही घरांत ही गोळी कुटून नवऱ्याच्या भाजीत घालतात. ज्याला ठाऊकच नाही तो वर दारू पिणार, रक्तदाब एकदम कोसळणार. यात माणूस दगावू शकतो. ही गोळी घेणाऱ्याला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

जपानकडे परत जाऊ, कारण मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथल्या व्यसनी रुग्णांत या बदललेल्या जनुकाची एक प्रत बाळगणारे किती, हे संशोधकांनी तपासलं. १९७९ मध्ये अडीच टक्के, १९८६ मध्ये ८ टक्के, १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते कामानंतर साहेबासोबत बसण्याचं, पेल्यावर पेला भरण्याचं वातावरण. शरीर ‘नको’ म्हणत असताना माणसं प्यायला शिकली. ज्यांच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या होत्या, असा मात्र त्या व्यसनी रुग्णांत एकही सापडला नाही. निसर्गाचा पूर्ण बंदोबस्त टिकला, अर्धा बंदोबस्त समाजाने मोडून काढला.

आपल्याकडे, ईशान्येचा काही भाग सोडला, तर हा बदल फार क्वचित आढळतो. तेव्हा हे संरक्षण मराठी माणसाला जवळजवळ नाहीच असं धरून चालावं.

आता मेंदूकडे येऊ. आपल्याकडे मित्रमंडळींत एक वाक्य कौतुकाने उच्चारलं जातं, “अरे, तो कितीही पिऊ दे, त्याला चढतच नाही!” लग्नाच्या वरातीत, कंपनीच्या पार्टीत असा एक वीर असतोच. दारू ‘पचवणारा’. इतरांना घरी पोचवणारा. त्याला स्वतःलाही वाटतं की आपण सुरक्षित आहोत, व्यसन लागतं ते त्या दोन पेल्यांत बरळणाऱ्याला.

हे बरोबर उलटं आहे. मार्क शकिट या कॅलिफोर्नियातल्या मानसोपचारतज्ज्ञाने विशीच्या आसपासच्या साडेचारशे तरुणांना मोजून मद्यार्क दिला. कुणाला किती गरगरतं, उभं राहिल्यावर तोल किती जातो, हे टिपलं. व्यसनी वडिलांच्या मुलांत पुष्कळांना तेवढ्याच दारूचं फारसं काही वाटलं नाही. सुमारे दहा वर्षांनी त्याने याच मंडळींना पुन्हा गाठलं. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना विशीत दारू जाणवली नव्हती, त्यांतले ५६ टक्के व्यसनात सापडले होते. ज्यांना ती चांगलीच जाणवली होती, त्यांतले १४ टक्के.

कारण कळायला अवघड नाही. दोन पेल्यांनंतर डोकं गरगरलं की माणूस थांबतो. ज्याला गरगरत नाही त्याला थांबण्याची खूण मिळत नाही. तो चार घेतो, सहा घेतो, आणि तितकंच पिणाऱ्यांच्या संगतीत जाऊन बसतो. यकृत आणि मेंदू मात्र पेले मोजत असतात. तर वारशात येते ती निदान काही जणांच्या बाबतीत ओढ नसून ब्रेकची ढिलाई असते.

एकच ‘दारूचं जनुक’ मात्र नाही. १९९० मध्ये डोपामिनशी संबंधित एक जनुक सापडल्याचा मोठा गाजावाजा झाला होता. पुढच्या तपासण्यांत तो दावा टिकला नाही. २०१९ मध्ये बारा लाखांच्या आसपास लोकांच्या जनुकांची छाननी झाली, तेव्हा किती प्यावं याच्याशी संबंधित ९९ जागा निघाल्या, आणि प्रत्येकीचा वाटा कणभर. त्यामुळे थुंकी तपासून व्यसनाचं भविष्य सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. वडील, काका, आजोबा पीत होते का, हा फुकटचा प्रश्न तूर्त तरी त्याहून कमी उपयोगाचा नाही.

‘निम्मा वाटा’ याचा अर्थही नीट घ्यायला हवा. व्यसनी बापाच्या मुलाला पन्नास टक्के धोका, असा तो अर्थ नाही. तो आकडा समाजातल्या फरकाचा आहे, तुमच्या मुलाचा नव्हे. त्या आईला मी एक विचारतो, “या मुलाला बहीण आहे ना? बापाचं रक्त तिच्यातही याच्याइतकंच आहे. तिची काळजी का वाटत नाही?” आई गप्प होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले सुमारे १९ टक्के पुरुष दारू घेतात असं दिसलं, स्त्रियांत हे प्रमाण एक टक्क्याच्या थोडं वर. जनुकं दोघांनाही मिळाली, पेला मात्र एकाच्याच हातात दिला गेला. आणि तरीही स्थळं बघताना ‘बाप पितो’ म्हणून नकार जातो तो मुलीलाच. ह्याला काय म्हणावं?

मुलाशी मी मग आईला बाहेर बसवून बोलतो. प्यायलास का, असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं. शकिटनेच तयार केलेल्या प्रश्नावलीतला एक प्रश्न विचारतो. पहिल्या चार-पाच वेळा घेतलीस, तेव्हा काहीतरी वाटायला किती लागली होती? एकात कान गरम झाले, दोनांत झोप आली, असं तो म्हणाला तर पुढच्या महिन्यात यायला सांगतो. “चार झाल्या तरी काहीच वाटलं नाही, मीच सगळ्यांना घरी सोडलं,” असं जरा अभिमानाने सांगणारा निघाला, तर त्याला शकिटचे ते दोन आकडे कागदावर लिहून देतो आणि पुढची तारीख त्याच आठवड्यातली घालतो.