खड्यापासून साखरेपर्यंत

पाठशाळेतून परतलेल्या नातीने परवा विचारले, "आजोबा, दुसऱ्या नरकभूमीचे नाव शर्कराप्रभा. मग तिथे साखर असते का हो?" घरातले सारे हसले, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

संस्कृतातील 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडा किंवा खडबडीत कण. भूमीच्या नावात तोच अर्थ आहे. म्हणूनच तिच्या पुढची भूमी वालुकाप्रभा, म्हणजे वाळूची. उसाचा रस आटवून त्याचे रवे पाडण्याची कला भारतात साधली, तेव्हा त्या गोड कणांनाही खड्यांचेच नाव मिळाले. आपल्या 'खडीसाखर' या शब्दात खडा आणि साखर आजही शेजारी नांदतात.

लोकांच्या बोलण्यात शर्करेतील रफार गळून पडला. पालीत 'सक्खरा' झाले, प्राकृतात 'सक्करा'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने भारतातील वेतांत सापडणाऱ्या, मिठाप्रमाणे दातांखाली फुटणाऱ्या घट्ट मधाची नोंद केली. त्याने दिलेले नाव 'साक्खरॉन'. यात रफार नाही, 'क्ख' मात्र स्पष्ट आहे. याचा अर्थ असा की, हा शब्द ग्रीकांच्या कानी पडला तो पंडितांच्या संस्कृतातून नव्हे, तर सामान्यांच्या बोलीतून.

दुसरी वाट इराणमधून गेली. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर'. अरबांनी उसाची लागवड सिसिली व स्पेनपर्यंत नेली आणि शब्दही सोबत गेला. इटालियनमध्ये 'झुक्केरो', फ्रेंचमध्ये 'स्यूक्र' आणि अखेर इंग्रजीत 'शुगर'.

तिसरी वाट केरळच्या किनाऱ्यावरून निघाली. मल्याळममधील 'चक्कर' पोर्तुगीजांच्या तोंडी 'जागरा' झाली, आणि त्यावरून गुळासाठी इंग्रजीत 'जॅगरी' आला. पुढे 1879 मध्ये बाल्टिमोर येथे फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर काम करताना एक अतिगोड पदार्थ गवसला. ग्रीक शब्दाच्या लॅटिन रूपावरून त्याचे नाव पडले 'सॅकरिन'. शुगर, जॅगरी, सॅकरिन : इंग्रजीतील ही तीन नावे एकाच खड्याची लेकरे आहेत.

हे सारे नातीला सांगताना मला माझी शाळा आठवली. आजी घरी 'साकर' म्हणे, म्हणून निबंधात मीही तसेच लिहिले होते. गुरुजींनी त्यावर लाल रेघ ओढली आणि तो शब्द अशुद्ध ठरवला. त्यानंतर कित्येक दिवस आजीच्या बोलण्याची मला लाज वाटत असे. आज वाटते, ती लाज अनाठायी होती. आजीच्या ओठांवर प्राकृतातील 'सक्करा' जवळजवळ जशीच्या तशी उरली होती. पोथीतली शर्करा पूजनीय खरीच. पण जगाच्या बाजारात फिरून आली ती बोलणाऱ्यांच्या तोंडची साकर.

नातीने सारे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे पणजीचे बरोबर होते तर!"

होय, बाळ. अगदी बरोबर होते.